भोपळ्याची थरथर

आईला रुग्णालयात तपासणीला घेऊन जायचं, एवढंच त्या दुपारचं काम होतं. मुलगी त्याच रुग्णालयात, तळघरातल्या एमआरआय विभागात तंत्रज्ञ होती, म्हणजे रांगेचाही प्रश्न नव्हता. तरी आईची वाटभर कुरकुर चालूच.

"माझी मान हलणार आणि चारचौघांत तुझं हसं होणार."

"हलू दे गं. लोक हलतात म्हणून तर माझं पोट चालतं."

आईची मान आणि उजवा हात कित्येक वर्षं थरथरत होते. घरात ती कुठे आहे हे बघावं लागत नसे. बशीत कप किणकिणला की कळायचं. पण गेल्या तपासणीत तिच्या मेंदूत एक डाग दिसला होता. तो वाढलाय की नाही, यावर शस्त्रक्रिया ठरणार होती. त्यासाठी जुनं चित्र आणि नवं चित्र एकमेकांवर तंतोतंत बसायला हवं, आणि मान जरा हलली की डाग फराटल्यासारखा दिसतो.

अशा रुग्णांना पूर्वी सरळ सांगायचे, "हललात. पुन्हा या." पुन्हा या! ज्याला थरथरण्याचाच आजार, त्यालाच न हलण्याची अट! मुलीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. म्हणून तिने स्वतः खपून एक प्रणाली लिहिली होती. दोन चित्रांमधली हालचाल शोधायची आणि काढून टाकायची. रडणारी पोरं, खोकणारे म्हातारे, सगळे तिने पडद्यावर स्थिर केले. मध्यंतरी एक शिंपी आला होता. जन्मभर शिलाई मशीन चालवलेली, त्यामुळे आडवा झाल्यावरही त्याचा उजवा पाय चालूच. टाच, चवडा. टाच, चवडा. त्या ठेक्यावर डोकंही हले. तेही तिने काढलं. "आता हे अगदी स्वस्थ बसतात," असं त्याची बायको नंतर कौतुकाने सांगून गेली. पुढे थोड्याच दिवसांत शिंपी वारला. वयच झालं होतं, सगळे म्हणाले.

आईचं चित्रही आरशासारखं स्वच्छ निघालं. डॉक्टरांनी बराच वेळ निरखलं. "डाग आहे तेवढाच आहे. शस्त्रक्रिया नको."

त्या संध्याकाळी आईने चहाचा कप उचलला. किणकिण झाली नाही.

"बघ," आई म्हणाली, "एक थेंब सांडला नाही."

मुलीने तिला मिठीच मारली. बाबांनी डोळे पुसले.

पण दुसऱ्या दिवसापासून आई बसली की बसलेलीच राहू लागली. बोलताना फक्त ओठ हलत. पापणी लवायची, नाही असं नाही. पण तिची वाट बघावी लागे. एका रात्री मुलीने रिकाम्या वाटणाऱ्या खोलीत शिरून दिवा लावला, आणि समोरच्या खुर्चीत आई.

"आई! अंधारात काय करतेस?"

"काही नाही... उठावंसं वाटलं नाही."

सकाळी कामावर गेली तर विभागातले मामा दारातच उभे. झाडलोट आणि रुग्णांची ने-आण त्यांच्याकडे होती.

"ताई, तुमचा भोपळा कुडकुडतोय बघा."

भोपळा म्हणजे पाण्याने भरलेला प्लास्टिकचा गोल. रोज सकाळी आधी त्याचं चित्र काढून यंत्र ठीक चालतंय का ते बघायचं. तो हलत नाही, म्हणून तर त्याच्यावर भरवसा.

"सकाळी सकाळी चेष्टा नको, मामा. हात लावलात का त्याला?"

"मी कशाला लावू? मलाच इथे घाम फुटलाय..."

कपाटातून बारीक टकटक ऐकू येत होती. तिने दार उघडलं. आतल्या कुबट गारव्यात भोपळा आपल्या खाचेत थरथरत होता. थोडा वेग, मग एक झटका, मग पुन्हा तोच वेग. ही लय ओळखायला तिला क्षणही लागला नाही. तिच्या लहानपणापासून ती तिच्या घरात होती.

तिने त्यावर तळहात ठेवला. आईच्या हातावर ठेवायची तसाच. थरथर क्षणभर शांत झाली... आणि बोटांखाली पुन्हा सुरू झाली.

फोन वाजला. बाबा होते. "लवकर ये गं. आई... जागी आहे. डोळे उघडे आहेत. पण हाक मारली तर... श्वास चाललाय का तेही मला कळत नाहीये."

तिने आईचं चित्र उघडलं. प्रणालीने केलेली दुरुस्ती मागे घेतली तर डाग पुन्हा फराटणार, शस्त्रक्रियेचा प्रश्न पुन्हा उभा राहणार. तिने फोन कानाशी धरला, भोपळा मांडीवर घेतला आणि दुरुस्ती मागे घेतली.

स्वच्छ चित्र विस्कटत गेलं. भोपळा मांडीवर जोरात उसळला, दोनदा, आणि गप्प झाला. अगदी गप्प. आतलं पाणीसुद्धा हलत नव्हतं.

फोनमध्ये, बाबांच्या आवाजामागे, बशीत कप किणकिणला.

ती धावतच घरी पोचली. आई टेबलाशी बसली होती. मान डुलत होती, चहा बशीत सांडत होता. "आलीस? ही बघ पुन्हा माझी रडकथा."

मुलगी हसत होती आणि रडतही होती. सांडलेला चहा पुसायला ती वाकली, आणि तशीच थांबली.

आईने आयुष्यात कधी सुईत दोरासुद्धा ओवला नव्हता. शर्टाचं बटण तुटलं तर बाबाच लावत. वर आई चहा पीत होती, बाबांना हसत काहीतरी सांगत होती. खाली टेबलाच्या सावलीत तिचा उजवा पाय चालू होता.

टाच, चवडा. टाच, चवडा.