सत्तेचाळीस नंबर

पनवेलच्या कंटेनर यार्डाच्या ऑफिसात त्या दिवशी तोंडाची मोफत तपासणी होती, आणि मोफत म्हटल्यावर तिथं नोकरीला असलेली भावनाही रांगेत उभी राहिली. टेबलापाशी प्रयोगशाळेतून आलेला निनाद होता. पांढरा कोट, हातात कापसाची काडी.

"आ करा. अजून मोठा… मोठा म्हटलं ना?"

"तुम्ही सगळ्यांनाच असं दटावता?"

"नाही. बाकीचे बोलायचं थांबतात."

ती हसली, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला. कारण त्याचा पुढचा प्रश्न होता, "तंबाखूची काही सवय?"

उरणजवळ मोरा गावातल्या तिच्या घरात आईपासून आत्यापर्यंत सगळ्या बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायच्या. त्याला कुणी सवय म्हणत नसे, दात घासणं म्हणत. पण भावना शिकलेली होती. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या पर्समध्येही डबी होती. पण समोरच्याचे डोळे फारच छान होते हो!

"छे, नाही," ती म्हणाली.

निनादनं गालातून काडी फिरवली. बाजूच्या मॅडमनी तिचा फोन टिपून घेतला, बाटलीवर नंबर चिकटवला आणि त्याच नंबरची चिठ्ठी भावनाला दिली. सत्तेचाळीस.

आठवड्यानं तो एसटी स्टँडवर दिसला, तोही थेट उरणच्या फलाटावर.

"तुम्ही राहता कुठे?" तिनं विचारलं.

"विचुंब्याला."

"विचुंबे उरणच्या वाटेवर कधी गेलं?"

"आजच," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

मग रविवारी वडाळे तलावाला फेऱ्या सुरू झाल्या. 'तुम्ही'चं 'तू' व्हायला तीन रविवार लागले. तो प्रयोगशाळेत नेमकं करतो तरी काय, हे तिनं एकदा भेळ खाताना विचारलं.

"एन्झाइम मोजतो. गालातल्या पेशींना एक एन्झाइम सांगतं, वाढा. दुसरं सांगतं, पुरे."

"आमच्या गेटसारखं. एक गाड्या सोडतो, एक अडवतो."

"अगदी तसंच. तंबाखूनं अडवणारा ढिला पडतो. पेशी वाढतच राहतात, आणि कधीकधी त्याचा कॅन्सर होतो."

"कधीकधी म्हणजे… कुणाला?"

"तेच आधी ओळखता यावं म्हणून तर ही धडपड."

पुढच्या रविवारी मात्र स्वारी भेळेला हात लावेना. भावनानं दोनदा छेडलं, तेव्हा कुठे बोलला.

"तंबाखू न खाणाऱ्यांमध्ये एक नमुना विचित्र आलाय. वाढा सांगणारं एन्झाइम तिप्पट. सर म्हणतात, चूक असेल, टाकून दे. पण नाव माहीत नसलं तरी कुणाचं तरी तोंड आहे ना ते? मॅडमनी दोनदा फोन केला. त्या बाई उचलतच नाहीत."

भावनाला अनोळखी नंबरचे ते दोन फोन आठवले. दोन महिने कालवणानं डावा गाल चरचरत होता आणि ती आईच्या मसाल्याला नावं ठेवत होती, तेही आठवलं.

"कितवा नंबर?"

"सत्तेचाळीस."

खोटं पचवून घरी जाणं सोपं होतं. पण मग तो त्या अनोळखी बाईच्या काळजीनं झुरत बसला असता.

"निनाद… ती मी. मी मिश्री लावते."

तो चालता चालता थांबला.

"खोटं का सांगितलंस?"

"तुझे डोळे—"

"भावना, मी खरंच विचारतोय."

"मीपण खरंच सांगतेय."

त्याला हसूही येईना आणि रागही नीट येईना. शेवटी म्हणाला, "मिश्रीचं वेगळं विचारायला हवं होतं. तो गाढवपणा माझा. उद्या नऊ वाजता दवाखाना. मी येतो."

डॉक्टरांना अक्कलदाढेच्या मागे, सहज न दिसणारा पांढरा चट्टा सापडला. त्यांनी मिश्री त्याच दिवसापासून बंद करायला सांगितली आणि चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट गुरुवारी मिळणार होता.

बुधवारी संध्याकाळी निनाद पुन्हा उरणच्या फलाटावर उभा. घामाघूम.

"लग्न करशील माझ्याशी?"

"अरे, उद्या रिपोर्ट आहे. उद्या विचार."

"उद्या चांगला आला तर तुला वाटेल, म्हणून विचारलं. वाईट आला तर वाटेल, दया आली. आज मला काहीच माहीत नाही. आज फक्त तू मला हवी आहेस."

भावनाच्या डोळ्यांत पाणी आलं. ऑफिसातली भाषा कुठल्या कुठे गेली.

"माजी आय भीमाबाई लई कडक हाय. घाम फोडील तुला."

"फुटलाय आधीच."

"मिश्री सुटंपर्यंत मी रोज भांडीन. उद्याचा कागद वाईट निघाला तर लई रडीन."

"मी असेन."

"मग… हाय मी तयार."

उरणची गाडी लागली, भरली आणि सुटली. पुढची पाऊण तासानं होती. भावनाला ते बरंच वाटलं.