कानातला कापूस

छोट्या गाडीच्या सामानाच्या डब्यातून आधी पायपेटी उतरली. तिच्या मागून, तिचंच स्टूल काखेत धरून, एक उंच सावळा मुलगा. दारव्ह्याच्या स्टेशनवर मी चर्चमध्ये गाणी बसवणाऱ्या वामनराव मास्तरांबरोबर पेटी न्यायला गेले होते. हौसेनं मी पेटीला हात घातला, तर तो म्हणाला, "हळू... तिचा पाय मोडला तं तुमचा लावा लागन."

"लावा ना. माहे पाय तिच्याहून मजबूत हायेत."

तो हसला नाही. पण बैलगाडी चर्चपाशी येईपर्यंत मागे वळून वळून पेटीकडे बघत होता – आणि पेटीला धरून मीच तर बसले होते!

तो अमरसिंग. तांड्यावरचा मुलगा, यवतमाळच्या मिशन बोर्डिंगमध्ये शिकणारा. ईस्टरला आमच्या चर्चमध्ये चार आवाजांचं गीत बसवायचं म्हणून पेटीबरोबर त्यालाही धाडलं होतं. पाद्रीसाहेबांनी सांगून टाकलं होतं, गीत जमलं तर पेटी दारव्ह्यातच राहील, नाही तर सोमवारच्या गाडीनं परत. पेटी राहिली तर पेटीवालाही राहील, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

पण जमणार कसं? आम्ही जन्मभर सगळे मिळून एकाच चालीत गाणारे. आता बायकांच्या दोन चाली, पुरुषांच्या दोन, आणि चारही एकाच वेळी. खालच्या चालीत मी, दवाखान्यातल्या बेबीताई आणि आमच्या शेजारच्या सोनीबाई. वरच्या चालीतल्या बायकांनी सूर धरला की आम्ही तिघी आपोआप तिकडेच घसरायचो. मास्तर कपाळाला हात लावायचे. सोनीबाई त्यांनाच विचारायच्या, "सारे एक गाणं म्हनून राह्यले, आपनच काहून येगळं म्हनाव? भांडन झालं काय कोनासंग?"

मग उपायही त्यांनीच काढला. आमच्या गावात कापसाला काय तोटा! दुसऱ्या दिवशी त्या आणि बेबीताई कानात बोळे घालून बसल्या आणि एकदाही घसरल्या नाहीत. फक्त सगळे थांबले तरी या दोघी गातच राहिल्या...

मीही बोळा वळत होते, तर अमरसिंग हळूच म्हणाला, "तू नको घालू."

"मंग घसरते ना मी."

"घसर. पन ऐक. पेटी वाजवता वाजवता मी टेनर गातो, मानसाईतली वरची चाल. तुह्या सुराच्या खालीच माहा सूर असते."

माझे कान असे तापले की त्यांत कापूस असता तर पेटला असता.

रोज तालीम सुटली की तो मला पेटी शिकवायचा. माझी बोटं अडखळली की हात न लावता नुसता भुवई उचलायचा, आणि मी मुद्दाम अडखळायचे.

ईस्टरच्या सकाळी पाद्रीणबाईंनी दारातच दोघींचे बोळे काढायला लावले. वचन काय बोळ्यातून ऐकता, म्हणाल्या. गीत अवघड जागी पोचलं. वरच्या बायका उंच चढल्या, आम्हाला मात्र एकच सूर लांबवायचा होता. बेबीताई घसरल्या, पाठोपाठ सोनीबाई. मी एकटी. वर सगळा गलका... आणि खाली, पेटीच्या आडून, तो. मी त्याचा आवाज ऐकत राहिले आणि माझा सूर सोडला नाही. हळूहळू बेबीताई माझ्याकडे परतल्या, सोनीबाईही आल्या. शेवटचा 'आमेन' चारही आवाजांत उठला, तेव्हा वामनराव मास्तर चष्मा पुसत होते.

पेटी राहिली. तो मात्र सोमवारी स्टेशनवर वळकटी घेऊन उभा.

"पेटी राह्यली ना," मी म्हटलं.

"पेटी राह्यली. माही शाळा तं तिकडंच हाये."

"मंग वाजवन कोन?"

"तू. म्या पाद्रीसाहेबाले तुहंच नाव सांगतलं."

"मले इचारलं काय?"

त्यानं रुळांकडे पाहिलं. "तुले अजून अर्धीच येते. बाकीची शिकवाले मले या लागन... म्हनून सांगतलं."

मी ओढणीच्या टोकातून कापसाचा बोळा काढला आणि त्याच्या हातात दिला. "बोर्डिंगात कोनी पोरगी गाऊन राह्यली तं कानात घाल."

"तिथं पोरंच गातात."

"तरी घाल."

त्यानं तो सदऱ्याच्या खिशात ठेवला. खिशाचं बटणही लावलं.

यंदाचा ईस्टर जवळ आला आहे. आता पेटी मीच वाजवते. संध्याकाळी तालीम रंगात आली की लांबून छोट्या गाडीची शिटी येते आणि माझं बोट हमखास चुकतं. मास्तर थांबतात. सोनीबाई मागून म्हणतात, "विजू, गाडी आली वं. कापूस देऊ काय?"

"नको," मी म्हणते. "ऐकू द्या."