भरल्या पानावरून

या गं पोरींनो, अशा पुढं सरकून बसा. पूर्वरंग थोडकाच ठेवते, थेट आख्यानाला लागते. आख्यान आहे एका लाजेचं... आणि त्या लाजेत प्रीत कशी रुजली, त्याचं.

सोलापूर तेव्हा गिरण्यांच्या भोंग्यावर उठायचं नि निजायचं. मैंदर्गीची हेमावती तेव्हा मामाकडे आली. मामा ईश्वरप्पा गिरणीत, मामी बाळंतीण; म्हणून भाचीला मदतीला आणलेली. दुपारी बाळ-बाळंतीण झोपली, की ही पेठा बघायला निघायची. साखर पेठेत घराघरांतून मागांची खटखट आणि तेलुगू बोलणं. पुढच्या गल्लीत अत्तराचा घमघमाट, दक्खनी उर्दूतली भांडणंसुद्धा गोड. सगळं नवलाचं! पण कुणी म्हणून विचारायचं नाही — "पोरी, कुणाची गं तू? जेवलीस का?" मैंदर्गीत वेशीपासून घरी येईतो ओट्याओट्यावरून हाच प्रश्न यायचा, आणि ती वैतागायची. आता त्याच प्रश्नासाठी तिचे कान आसुसले होते.

एके दिवशी बाळीवेशीत मांडव दिसला. सनई चाललेली, गव्हाच्या खिरीचा, हुग्गीचा गोड वास... मैंदर्गीत लग्न म्हणजे चूलबंद आवताण. त्या दिवशी गावात एकही चूल पेटत नसे. सगळ्यांनी मांडवात जेवायचं, पाण्याचा तांब्या मात्र आपापला न्यायचा. न येणाऱ्यावर घरधनी रुसायचा. हेमावतीला वाटलं, आता आपणही इथल्याच की! न गेलं तर बरं दिसंल? धावत घरी गेली, तांब्या लख्ख घासला, आणि येऊन बायकांच्या पंगतीत बसली.

हुग्गी वाढत आला चन्नवीर, नवरदेवाचा धाकटा भाऊ. कपाळावर विभूती, बाह्या वर सारलेल्या, डोळ्यांत खोडी. तांब्या बघून थबकला.

"तुमी कुणाकडच्या वो? नवऱ्याकडच्या, का नवरीकडच्या?"

हेमावती गोंधळली. "न... नवऱ्याकडची."

"आस्सं? मग मी तुमचा कोण लागतो, सांगा की!"

पंगत खळाळून हसली. "अगं बया, पाणीसुदा घरचं आणलंय!" कुणीतरी म्हणालं. "आगंतुक दिसतीय," दुसरी कुजबुजली.

घास हातातच राहिला. कानशिलं तापली. पानातली हुग्गी वाफाळत राहिली, आणि हेमावती तांब्या उराशी धरून जी पळत सुटली...

मग कसल्या पेठा नि कसलं काय! पाणी आणायला जाताना पदर नाकापर्यंत. रस्त्यात कुणीही हसलं, तरी आपल्यालाच हसतंय असं वाटे. शेवटी ती मामाला म्हणाली, "मला मैंदर्गीला पोचवा." कारण सांगायला तोंड कुठं होतं? मामा नाराजीनं 'बरं' म्हणाला.

जाण्याआधी सोमवारी ती सिद्धेश्वराला गेली. तळ्याच्या पायरीवर पाय बुडवून बसली, तोच मागून आवाज —

"आज तांब्या न्हाई आणला?"

तिनं वळून पाहिलंच नाही. "देवाच्या दारात तरी गाठू नका वो."

"समद्या पेठा पालथ्या घातल्या. मग म्हटलं, परगावची पोर सोमवारी जाणार कुटं? सिद्धेश्वराकडंच की."

"कशाला? हसायचं राहिलंय व्हय काय?"

तो एक पायरी खाली उतरला... थांबला. आवाजातली खोडी कुठच्या कुठं गेली होती. "माफी मागायला. चार लोकांत हसवायला गेलो... तू उठलीस, तवा तुझे डोळे बघितले. लई लाज वाटली मला."

'तुमी'चं 'तू' झालेलं दोघांच्याही ध्यानात आलं. पाण्यावरून पाकोळी सूर मारून गेली.

"चूक माजीच," ती हळूच म्हणाली. "आवताण न्हवतं, आन खोटंबी बोलले. नवऱ्याकडची म्हणाले..."

"ते... खरं करता येतंय की."

"चला, कायतरीच!" पदराचं टोक तिच्या बोटाला गुंडाळलं गेलं, सुटलं, पुन्हा गुंडाळलं गेलं. "बिनआवताणाचा उंबरा आता चढायची न्हाई मी. गिरणीतल्या ईश्वरप्पामामाचं घर सोडून गावाकडं चाललेय."

"मग माज्या आईला, अव्वालाच धाडतो, आवताण घेऊन. तवर जाऊ नगंस... जाशील?"

तोंडावरचा पदर वाऱ्यानं सरकला, तो तिनं सावरला नाही.

सकाळी मामाच्या दारात चन्नवीरची आई, नागव्वा, उभी. हेमावती दाराआड लपली, पण पदर दिसत राहिला.

"मांडवातनं उठून गेली, ती हीच ना?"

मामा बघतच राहिला. आता सगळं उघडं पडलं! धरणी पोटात घेईल तर बरं, असं हेमावतीला झालं. पण नागव्वानं आत येऊन तिचे दोन्ही हात धरले.

"तू कशापायी लाजतीस, बाई? लाज मला वाटाया पायजे. माज्या मांडवातनं एक पोर भरल्या पानावरनं उपाशी गेली. ल्योकाचं लगीन झालं, सून घरात आली. पर डोळं मिटलं की मला ती हुग्गीच दिसतीय. कसली मी यजमानीण?" म्हातारीचे डोळे भरून आले. दाराशी चन्नवीर मान खाली घालून उभा होता. "ह्यो म्हणतोय, अव्वा, एका जेवणाचं आवताण नगं देऊ, जलमभराचं दे. येशील का गं?"

हेमावतीनं एकवार चन्नवीरकडं पाहिलं. मग मामाकडं वळली.

"मामा, मैंदर्गीला माज्या आप्पास्नी निरोप धाडा की... म्हणावं, मी येत न्हाई. तुमीच हिकडं या."

तर पोरींनो, कधी प्रसादाची पंगत बसेल, आणि कुणी अनोळखी बाई दाराशी घुटमळेल. 'कुणाकडची?' असं ओठांवर येईल. तेव्हा सरकून जागा करा, आणि त्या नागव्वाची आठवण ठेवा.