रिकाम्या दांड्यांचं वजन

माझी बायको गेली हे मी दादाला फोनवर सांगितलं. मंगळवार होता, सकाळचे सव्वाअकरा. तेव्हा आकाशपाळणा फिरत होता आणि त्यात नऊ माणसं बसलेली होती.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्यानं फोन खिशात ठेवला. फेरी पूर्ण केली. नऊही माणसं नेहमीच्या पद्धतीनं उतरवली, एक इकडचा, मग एक समोरचा. शेवटचा माणूस फाटकाबाहेर गेल्यावर त्यानं ब्रेक ओढला आणि तिथेच जमिनीवर बसला.

त्या दिवसानंतर पाळण्यात कोणी बसलं नाही.

पुढचं सगळं नऊ महिन्यांनी घडलं. मी कुलुपं दुरुस्त करणारा माणूस, गोष्टी रचायचं मला जमत नाही. रात्र नव्हती. कोणी प्यायलेलं नव्हतं. गुरुवार होता, दुपारचे पावणेतीन, लख्ख ऊन. सात माणसं हजर होती. ज्याला विश्वास ठेवायचा नाही त्यानं ठेवू नये. पाळणा तिथेच उभा आहे, जाऊन बघा.

आधी त्या जागेबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझे सासरे बोटींच्या इंजिनांची कामं करायचे. एकदा त्यांनी मोडीत निघालेल्या बोटीचं इंजिन आणलं आणि समुद्राच्या काठावर त्यावर चार झोके फिरवून दाखवले. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी रांग लागली. मग लाकडी घोड्यांचं चक्र आलं, वेड्यावाकड्या आरशांची खोली आली, बँडवाल्यांसाठी गोल चौथरा आला. शेवटी आला सोळा पाळण्यांचा आकाशपाळणा. बस मुद्दाम तिथपर्यंत यायला लागली. कंडक्टर थांब्याचं नाव घेतच नसे, नुसता "पाळणा! पाळणा!" म्हणून ओरडायचा.

"शहरातली निम्मी लग्नं माझ्या पाळण्यात ठरली," असं सासरे सांगायचे.

"आणि उरलेली निम्मी?"

"ती आरशांच्या खोलीत मोडली."

आता कामाची गोष्ट. आकाशपाळण्यात एका बाजूला जाडजूड माणसं आणि समोर काडीपैलवान बसवले, तर चाक जड बाजूला ओढ घेतं. म्हणून समोरासमोर सारखं वजन बसवावं लागतं. ते काम माझ्या बायकोचं. ती तिकिटाच्या खिडकीतून माणसाकडे एकदाच बघायची आणि पाळण्याचा नंबर सांगायची. सगळे तिला वजनकाटा म्हणायचे.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाली, "एकसष्ट. आणि खिशात लोखंड आहे. पाच नंबर."

खिशात दोन कुलुपं होती.

त्या दिवशी मी चार वेळा तिकीट काढलं. चौथ्यांदा म्हणाली, "आता घरी जा. तुमच्यासमोर बसवायला एकसष्टचा माणूस उरला नाही."

सगळे बसले, वजन जुळलं, की ती खिडकीतली कळ दोनदा दाबायची. दादाच्या खोपटात, त्याच्या डोक्यावर घंटा वाजायची. दोन टोले. ते पडले की दादा ब्रेक सोडायचा. खोपटाला पत्र्याचं छत, त्याला वरचं चाक दिसायचंच नाही. दिसायची गरजही नव्हती. एकतीस वर्षं तो तिच्या दोन टोल्यांवर ब्रेक सोडत आला.

मग दिवस फिरले. शहराच्या दुसऱ्या टोकाला काचेच्या इमारतीत गारेगार खेळांची जागा उघडली. खाऱ्या हवेनं घोड्यांच्या चक्राचे दांडे खाल्ले. घोडे एका हॉटेलवाल्यानं शोभेला नेले. एका वादळात आरशांची खोली गेली आणि पुढे महिनाभर वाळूत आरशाचे तुकडे सापडत होते. बस अलीकडच्या चौकातूनच वळायला लागली. उरले आकाशपाळणा, तिकिटाची खिडकी आणि ही दोघं भावंडं.

मग ती आजारी पडली. दवाखान्यात नर्सनं काट्यावर उभं करायच्या आधीच ती आकडा सांगायची. शेवटचा आकडा एकोणचाळीस. बरोबर होता.

ती गेल्यावर जागा एका कंपनीनं घेतली. तिथे बिल्डिंगा होणार होत्या. दादाला दोन नोटिसा आल्या. त्यानं त्यांना ग्रीसचे हात पुसले. तिसऱ्या वेळी क्रेन आणि पाच माणसं घेऊन मुकादम आला.

"मेस्त्री, गॅसनं कापतो. दोन दिवसांत मोकळं."

"आधी मला काप."

"मग काय करू? डोक्यावर घेऊन नाचू?"

"नटबोल्ट खोलून उतरव. एकेक पाळणा. एक काढला की समोरचा. ब्रेकवर मी बसणार."

दादाला एवढंच हवं होतं. कापलेला पाळणा भंगारात जातो. उतरवलेला पुन्हा उभा करता येतो. कुठेही. बापाचं आणि बहिणीचं एवढंच शिल्लक होतं आणि तो ते भंगारात जाऊ देणार नव्हता.

मुकादम म्हणाला, "बरं बाबा, जोडीनं काढतो."

पण त्यानं तसं केलं नाही. क्रेन एकाच बाजूला उभी राहत होती, दुसऱ्या बाजूची वाळू तिला पेलत नव्हती. समोरचा पाळणा काढायचा तर दर वेळी चाक अर्धं फिरवायला लागणार. त्याला घाई होती. त्यानं चार, पाच आणि सहा नंबरचे पाळणे लागोपाठ एकाच बाजूनं काढले आणि वाळूवर ठेवले. वर उरल्या तीन रिकाम्या दांड्या. समोरची बाजू तीन पाळण्यांनी जड. सगळं चाक फक्त ब्रेकवर अडकलेलं.

खोपटातून दादाला यातलं काही दिसत नव्हतं.

चाकाच्या बरोबर खाली एक खड्डा आहे. त्यात एक कामगार कमरेइतका उतरून बोल्ट सैल करत होता. चाक सुटलं असतं तर जड पाळणे त्याच्या डोक्यावरूनच गेले असते.

पावणेतीन वाजले.

दादा सांगतो, आधी हातोड्यांचा आवाज थांबला. त्याला वाटलं, चहाला गेले असतील.

मग वारा पडला.

मग समुद्राचा आवाज येईनासा झाला. लाटा दिसत होत्या. फुटत होत्या. पण आवाज...

आवाज नव्हता.

आणि त्या शांततेत वरून एक कुरकुर आली...

पाळण्यात माणूस बसला की वरची कडी जशी कुरकुरते, तशी. दादानं तो आवाज लाखो वेळा ऐकलेला. झोपेतही ओळखेल.

थोडा वेळ गेला. मग दुसरी कुरकुर...

मग तिसरी.

आणि डोक्यावरची घंटा वाजली...

दोन टोले.

दादाच्या हातानं ब्रेक सोडला.

डोक्यात विचार यायच्या आत हात चालला. एकतीस वर्षांची सवय. ब्रेकचा दांडा खाली गेल्यावर त्याला आठवलं की खिडकीवर फळ्या ठोकल्या आहेत. खिडकीत कोणी नाही. तेवढ्यात बाहेर मुकादमाची किंकाळी आली.

"मेस्त्री! ब्रेक! अरे माणूस आहे खाली!"

दादा धावत बाहेर आला. वर बघितलं. तीन दांड्या रिकाम्या. त्याला सगळं कळलं, मुकादमाचं खोटं आणि स्वतःची चूक.

पण चाक...

चाक हललं नव्हतं.

ब्रेक पूर्ण मोकळा. एका बाजूला तीन पाळणे कमी. चाक फिरायलाच हवं होतं. ते जागच्या जागी उभं होतं, जसं वजन जुळल्यावर उभं राहतं. जसं तिनं बसवल्यावर उभं राहायचं.

खड्ड्यातला माणूस रांगत बाहेर आला. मुकादम ओरडतच होता.

"ब्रेक लाव, मेस्त्री! हात जोडतो, ब्रेक लाव!"

दादानं ब्रेक लावला नाही. सगळ्यांना लांब उभं केलं, खोपटात गेला आणि मोटर चालू केली. मोटरवर किती भार आहे ते दाखवणारं एक मीटर तिथे आहे. सोळा रिकाम्या पाळण्यांना काटा अठरावर असतो. तेरा पाळण्यांना त्याच्या खाली असायला हवा, आणि चाक झुकलेलं असलं तर काटा वरखाली नाचतो.

काटा अठरावर होता.

स्थिर.

चाकानं एक पूर्ण फेरी घेतली, लोण्यासारखी. रिकाम्या दांड्या एकेक करून खाली, माणसं चढतात त्या चौथऱ्यापाशी आल्या. पहिली आली तेव्हा कुरकुर. दुसरी आली...

तिसरीच्या वेळी मुकादमानं हत्यारांची पिशवी उचलली. "मी नाही हात लावणार. घरी दोन पोरी आहेत माझ्या."

"जा," दादा म्हणाला. "आणि साहेबांना सांग, पाळणा भरलेला आहे. भरलेल्या पाळण्याला मी आजवर कोणाला हात लावू दिला नाही. पुढेही देणार नाही."

नंतर कंपनीनं इंजिनिअर पाठवला. त्यानं खालूनच बघितलं आणि म्हणाला, "बेअरिंग गंजून अडकलंय. म्हणून हलत नाही."

दादानं एका बोटानं पाळणा ढकलला. सगळं चाक फिरलं, थांबलं, पुन्हा तसंच उभं राहिलं. इंजिनिअरनं कागद घडी करून खिशात घातला. फाटकापर्यंत तो मागे वळून बघत गेला. त्यानंतर कोणी आलेलं नाही. नोटिसा येतात. दादाला हात पुसायला कागद लागतोच.

त्या दिवशी संध्याकाळी त्यानं मला फोन केला होता.

"भाऊजी, ती घंटेची तार तुम्ही कापली होती ना?"

"हो. ती गेली त्याच आठवड्यात. वाऱ्यानं वाजू नये म्हणून."

"नीट कापली होती?"

"दोन्ही टोकांना. तार घरी आहे माझ्या. समोर खिळ्याला टांगलीय."

"मग झालं तर," तो म्हणाला. " आपण ते तीन पाळणे परत चढवू. उभा केलेला पाळणा आपला, बघू कोण काढतो. तुम्ही या फक्त. पाना धरायला दुसरा माणूस हवा."

मी हो म्हणालो.

तो दर रविवारी फोन करतो. "भाऊजी, येताय ना?" मी म्हणतो, पुढच्या आठवड्यात. गुडघा दुखतोय, दुकानात काम आहे, काहीही सांगतो. तो ओरडतो. एकदा म्हणाला, "घाबरलात की काय?"

घाबरलो नाही. दोनदा मी फाटकापर्यंत जाऊन आलो. बाहेरून बघितलं. जोराचा वारा होता, फाटक आपटत होतं, चाक हलत नव्हतं.

पण ते तीन पाळणे चढवले की चाकाचं वजन आपोआप जुळेल. मग त्या दांड्यांवर कोणाला बसून राहायची गरज उरणार नाही. हे मी दादाला अजून सांगितलेलं नाही.

तिन्ही पाळणे वाळूवर पडलेत. चढवायचे राहिलेत.