बावीस काळ्या वायरी

नुकत्याच रंगवलेल्या बोटीला टेकून एखादा माणूस निवांत चित्र काढत बसला असेल, तर त्याला ते सांगायचं कसं? लांबून ओरडावं, तर दचकून तो आणखीच चिकटणार. जवळ जाऊन सांगावं, तर अनोळखी पुरुषाशी त्याच्या पाठीबद्दल आणि पाठीच्याही खालच्या भागाबद्दल बोलावं लागणार!

मिस्त्रीण हातात ब्रश धरून मिनिटभर तशीच उभी राहिली. हंगाम संपला होता. तळ्यातल्या सगळ्या बोटी शेडमध्ये ओंडक्यांवर चढून बसल्या होत्या, बाहेर धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि पत्र्यावर पाऊस आपला कंटाळल्यासारखा टपटपत होता. अशा दिवसांत शेडमध्ये कोणी येत नाही. आला तर असा...

“अहो,” ती शेवटी म्हणाली, “तुम्ही निळे झालात.”

त्याने आधी हात बघितले. “कुठे?”

“मागे.”

“किती?”

“बसलात तेवढे.”

त्याने वळून बघायचा प्रयत्न केला, स्वतःभोवती एक अख्खी गिरकी घेतली, आणि मग इतका मोकळा हसला की तिला रागवायचं होतं ते राहूनच गेलं.

“मी चित्रकलेचा मास्तर आहे,” तो म्हणाला. “ओला रंग मला ओळखता आला नाही, हे कुणाला सांगू नका. मामांची बोट बघायला आलो होतो. मिस्त्री कुठे भेटतील?”

“भेटले.”

“नाही, म्हणजे... मोठे?”

“मोठे म्हणजे बाबा, ते दारात खुर्चीवर बसलेत. त्यांच्या गुडघ्यांनी संप केला, तेव्हापासून पाना माझ्या हातात आहे. चालेल की जाता?”

“चालेल,” मास्तर घाईघाईने म्हणाला. “धावेल!”

मामांची बोट रांगेत शेवटची, ताडपत्रीखाली होती. मामा दोन वर्षांपूर्वी गेले, आणि तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता. मिस्त्रिणीने इंजिनच्या कप्प्याचं झाकण उचललं आणि दोघांनी एकदमच नाकाला रुमाल लावला. तळाशी घोटाभर काळं तेलपाणी. कोपऱ्यात उंदराने संसार थाटून मोडलेला. पाइप तडकलेले. आणि वायरी... सगळ्याच्या सगळ्या काळ्या. मामांच्या घरी काळ्या वायरीचं एक भलंमोठं वेटोळं होतं, आणि ते संपेपर्यंत दुसऱ्या रंगाकडे ढुंकूनही बघायचं नाही, असा त्यांचा बाणा होता.

“होईल का दुरुस्त?” मास्तरने विचारलं.

“इंजिन बाहेर काढावं लागेल. कप्पा खरवडायचा, धुवायचा, रंगवायचा. पाइप नवे. मग इंजिन परत आत. घाई आहे?”

“हॉटेलवाल्या शेठना बोट हवी आहे, पाहुण्यांना फिरवायला. कप्पा स्वच्छ झाला आणि इंजिन सुरू झालं की लगेच घेतो म्हणाले. मग मी मोकळा. ताईने मोठ्या शहरात एक नोकरी बघून ठेवली आहे माझ्यासाठी.”

म्हणजे सगळं सरळ होतं. इंजिन सुरू झालं की बोट जाणार, आणि बोट गेली की मास्तर जाणार. गोंधळ व्हावा असं त्यात काहीच नव्हतं. तरीही गोंधळ झाला, आणि तोही असा की मिस्त्रिणीला आपलंच डोकं उघडून आत काय सुटलंय ते बघावंसं वाटू लागलं.

मास्तर रोज यायचा. सुट्टीच होती त्याला. चेनपुलीने इंजिन वर उचललं, तेव्हा खालून “सांभाळून, सांभाळून” असं तो इंजिनला सांगत होता की तिला, ते कळलं नाही. रॉकेलचे बोळे घेऊन त्याने चार दिवस तळ घासला. कोपरापर्यंत काळा व्हायचा आणि कपाळावरचे केस त्याच हाताने मागे सारायचा.

“नाकावर काय लागलंय?” तो विचारायचा.

“नाक सोडून सगळं,” ती म्हणायची.

दारातून बाबा चहाचा कप उंचावून बोलत राहायचे. “मास्तर, आमच्या गावच्या शाळेत तीन वर्षं चित्रकलेला माणूस नाही बरं का! कसरतीचे सर वर्ग घेतात. पोरं झाड काढतात तेही जोर काढणारं.”

मास्तर हसायचा. पण ‘मग मी येऊ का?’ असं काही म्हणायचा नाही. का म्हणेल? ताईने नोकरी बघून ठेवली होती ना... आणि तिने तरी असं वाट बघत कान का टवकारावे?

इंजिन काढायच्या आधी तिने प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून वर पेनने लिहिलं होतं – पंप. भोंगा. दिवा डावा. दिवा उजवा. एकीचा पत्ता लागेना, तिच्यावर नुसतं प्रश्नचिन्ह. बावीस वायरी होत्या, बावीस चिठ्ठ्या. मग एक दिवस ती दुसऱ्या बोटीसाठी सामान आणायला गेली आणि मास्तरवर कप्पा पांढरा रंगवायचं काम सोपवून गेली. संध्याकाळी परतली, तर कप्पा दुधासारखा पांढराशुभ्र! एक थेंब इकडे नाही, एक ओघळ तिकडे नाही. आणि बावीस काळ्या वायरी, धुऊनपुसून, नीट विंचरल्यासारख्या एका बाजूला बांधलेल्या.

“चिठ्ठ्या?” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

“त्या मळक्या पट्ट्या? काढून टाकल्या की. रंगाला चिकटत होत्या.” मास्तरचा चेहरा अभिमानाने फुलला होता. मग तिच्याकडे बघता बघता तो हळूहळू उतरला. “काढायच्या... नव्हत्या?”

वाट चुकलेल्या म्हशीलासुद्धा माणूस दोन शब्द बोलतो, पण याला काय बोलायचं? त्याने कप्पा इतका सुंदर रंगवला होता की ओरडायलाही तोंड उघडेना.

आता खरं सांगायचं, तर तिच्याकडे मीटर होतं. दोन काड्यांचं साधं मीटर. वायरीच्या एका टोकाला एक काडी, दुसऱ्या टोकाला दुसरी, आणि वायर तीच असेल तर ‘टीं’ वाजतं. एकट्या माणसाचं दोन तासांचं काम! ती अवजारांच्या पेटीकडे गेली, मीटर हातात घेतलं, आणि... पेटीच्या तळाशी, फडक्याखाली सारून ठेवलं. का ठेवलं? विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

“एकच उपाय आहे,” ती परत येऊन म्हणाली. “मी इथे कप्प्यात बसते. तुम्ही पुढे, स्टिअरिंगच्या खाली शिरा. मी एकेक वायर ओढते, तुमच्याकडे कुठली हलते ते सांगा.”

“बावीसही?”

“बावीसही. आणि सगळ्या एकातएक अडकल्यात. वेळ लागेल.”

“लागू दे,” मास्तर म्हणाला.

मग सुरू झालं ते. ती मागे, तो पुढे, मध्ये फळ्यांची भिंत. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, फक्त आवाज यायचा. आणि तोंड दिसत नसलं की माणूस काय काय बोलतो!

“हलली?”

“नाही... थांबा... हो, हलली. तुम्ही लहानपणापासून इथेच?”

“इथेच. ही?”

“नाही हलली. कधी कंटाळा नाही आला?”

“इंजिनचा? नाही. माणसांचा येतो.”

“सगळ्या माणसांचा?”

ती वायर न ओढता नुसती धरून बसली. थोड्या वेळाने पुढून हळूच आवाज आला, “आत्ता काहीतरी हललं... तुम्ही ओढलीत?”

“नाही.”

“मग मलाच वाटलं असेल.”

एका दिवसात तीन वायरी. कधी चार. एक दिवस तर फक्त एकच, कारण त्या दिवशी मास्तर आपल्या गेलेल्या वडिलांबद्दल सांगत होता. तिला भिंतीपलीकडे हात न्यावासा वाटला. बाबा दारातून म्हणाले, “काय गं, इतक्या वायरी रॉकेटलासुद्धा नसतात!” ती म्हणाली, “गुंता आहे बाबा.” हे मात्र शंभर टक्के खरं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती. वायरी संपाव्यात असं वाटायचं, कारण शेठ शनिवारी येणार होते आणि दिलेला शब्द तिने आजवर मोडला नव्हता. वायरी संपू नयेत असंही वाटायचं.

आठव्या दिवशी शेवटची वायर उरली. बाविसावी. तिने सवयीने ओढली, सवयीनेच ओरडली, “हलली?”

आणि वायर सरसर करत अख्खी तिच्या मांडीवर येऊन पडली. हातभर लांब, पलीकडचं टोक कापलेलं. मामांनी कधीतरी कापून तशीच आत सोडून दिलेली, कुठेही न जाणारी वायर.

“हलली!” पुढून आवाज आला. ठणठणीत.

मिस्त्रीण वायरीकडे बघत राहिली.

“कशी हलली?”

“म्हणजे... छान हलली.”

“मास्तर, वायरीची दोन्ही टोकं माझ्या हातात आहेत.”

पत्र्यावरचा पाऊससुद्धा कान देऊन ऐकत असावा. ती कप्प्यातून उठली, तरातरा पुढे गेली आणि स्टिअरिंगच्या खाली वाकली. मास्तर तिथे पाय दुमडून बसला होता आणि घाईघाईने एक वही शर्टात खुपसत होता. तिने वही ओढून घेतली.

पहिल्याच पानावर तिचा कप्पा होता. इंजिन काढायच्या आधीचा, तेलकट, उंदराच्या घरासकट. आणि बावीस वायरी – कुठली टोकाला जळकी, कुठलीला गाठ, कुठली कुणाच्या खालून जाते – आणि प्रत्येकीवर तिच्याच अक्षरातली चिठ्ठी. पंप. भोंगा. दिवा डावा.

“हे होतं तुमच्याकडे?” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून?”

“चिठ्ठ्या काढल्या तो मूर्खपणा खरा होता. आईशप्पथ!” मास्तर म्हणाला. “वहीची आठवण मला त्याच रात्री झाली. सकाळी दाखवणारच होतो, पण तुम्ही आदल्या दिवशीच म्हणाला होतात ना, मी इथे बसते, तुम्ही तिथे शिरा...”

“आठ दिवस! माझ्या दोन बोटी खोळंबल्या आहेत. तुम्हाला काही वाटलं नाही?”

“वाटलं.” त्याने मान खाली घातली. मग हळूच वर बघितलं. “परवा तुम्ही बारा नंबरचा पाना आणायला पाठवलंत मला. पेटीच्या तळाशी, फडक्याखाली... एक मीटर होतं. शाळेत विज्ञानाचे सर माझ्या शेजारीच बसतात. ते कशाला वापरतात, ते माहीत आहे मला.”

तो चोर, तर ती चोरावर मोर! मिस्त्रिणीचे कान तापले. इतके की बाहेरच्या पावसात जाऊन उभं राहावं. आता कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. ती वाट बघत राहिली, त्याने बोलावं. तोही बहुधा तेच करत होता.

“शनिवारी शेठ येतील,” अखेर तो म्हणाला.

“हो. मग जोडून टाकू.”

“जोडू... ना?”

“बोट तुमची आहे,” ती म्हणाली. तिला म्हणायचं होतं ते हे नव्हतंच.

वही समोर ठेवून वायरींचं काम तासाभरात झालं. इंजिन परत आत बसलं, पाइप जोडले, नव्या चिठ्ठ्या लागल्या. शुक्रवारी बोट पाण्यात उतरली आणि पहिल्याच किल्लीला इंजिन असं गुरगुरलं की बाबांनी खुर्चीतून टाळ्या वाजवल्या. मिस्त्रिणीने इतकं चांगलं काम आयुष्यात केलं नव्हतं, आणि इतकं वाईटही तिला कधी वाटलं नव्हतं. उरलेली ती हातभर वायर तिच्या खिशातच होती.

शनिवारी सकाळी ती लवकर आली. मास्तर रोज आल्याबरोबर झाकण उघडून आपला पांढरा रंग बघायचा, हे तिला माहीत होतं. तिने वायर कप्प्यात, बाकीच्यांच्या रांगेतच नीट बांधली. चिकटपट्टी फाडली. पेन धरला, सोडला, परत धरला, आणि तोंडाने जे आठ दिवसांत झालं नाही ते दोन शब्दांत लिहून टाकलं. मग झाकण लावून धक्क्यावर जाऊन उभी राहिली.

पण मास्तर आला तो शेठबरोबरच. आणि शेठ म्हणजे उत्साही माणूस! इंजिन ऐकलं, खूश झाले, बंद करायला लावलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत झाकण उघडून चष्मा सावरत आत वाकले.

“वा, वा! असा कप्पा मी नव्या बोटीतही बघितला नाही. आणि चिठ्ठ्या लावल्यात? छान. पंप... भोंगा... दिवा डावा... दिवा उजवा...”

मिस्त्रिणीने डोळे मिटले. तळ्याने आपल्याला पोटात घ्यावं, अगदी आत्ताच्या आत्ता.

“जाऊ नकोस,” शेठनी मोठ्याने वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. “जाऊ नकोस. हे काय असतं?”

बाबा खुर्चीतून प्रामाणिकपणे म्हणाले, “असला पार्ट मी तरी पाहिलेला नाही बुवा.”

मास्तर गुडघ्यांवर बसला. ती चिठ्ठी त्याने वाचली, आणि मग त्या दोन शब्दांकडेच बघत राहिला. तो उठला तेव्हा त्याच्या गुडघ्याला तेल लागलं होतं, आणि ते त्याच्या गावीही नव्हतं.

“शेठ, माफ करा. बोट विकायची नाही.”

“अहो, पण आत्ता तर...”

“आत्ताच कळलं. एक वायर जोडायची राहिली आहे.”

“मग जोडा की! मी थांबतो. किती वेळ लागेल?”

“काही सांगता येत नाही,” मास्तर म्हणाला. “फार वेळ लागेल असं दिसतंय.”

शेठ “सगळा गोंधळ आहे नुसता” असं पुटपुटत छत्री उघडून निघून गेले. बाबांनी एकदा मुलीकडे बघितलं, एकदा मास्तरकडे. “चहा बघतो,” ते म्हणाले, आणि ज्या गुडघ्यांनी चार वर्षं संप केला होता, ते त्यांना लगबगीने शेडमध्ये घेऊन गेले. जाता जाता त्यांनी मागे न वळता सांगितलं, “शाळेचे हेडमास्तर आज घरीच असतात, मास्तर.”

धक्क्यावर ती उभी होती, बोटीत तो. मध्ये हातभर पाणी. आता भिंत नव्हती, आणि तोंडं दिसत होती, म्हणून दोघांनाही शब्द सापडेनात. मग मास्तर कप्प्यावर वाकला. कुठेही न जाणारी ती काळी वायर त्याने दोन बोटांत धरली, आणि मिस्त्रिणीकडे बघत अगदी हळू ओढली.

“हलली?” त्याने विचारलं.

तिचे दोन्ही हात रिकामे होते.

“हलली,” ती म्हणाली.