पडद्यावरचा हात

त्या दुपारी माझ्याकडे काम अगदी साधं होतं. तळघरातल्या खोलीत जायचं, ज्यांची ट्रीटमेंट संपली आहे त्यांचे मास्क कात्रीने कापायचे आणि पिशवीत भरून ठेवायचे.

मास्क म्हणजे कोविडात लावायचो तो नव्हे. डोक्याच्या किंवा गळ्याच्या कॅन्सरवर रेडिएशन देताना माणूस केसभर हलला तरी चालत नाही. म्हणून पांढऱ्या प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढून बसवतात. ती थंड झाली की त्या माणसाच्या चेहऱ्याचा साचा तयार होतो. नाक, भुवया, हनुवटी, सगळं त्याचंच. मग रोज तोच साचा तोंडावर ठेवायचा आणि टेबलाला खटक् खटक् अडकवून टाकायचा. आमच्या त्या खोलीत असे शंभरेक चेहरे खुंट्यांना टांगलेले असत. डोळ्यांच्या जागी नुसते खळगे.

मी तेव्हा बी.एस्सी. मेडिकल इमेजिंग अँड रेडिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमचं घर यशवंतपूरला. कितीतरी पिढ्यांपासून आम्ही बेंगळुरूचेच. घरात मराठी, उंबरा ओलांडला की कन्नड. पहिली दोन वर्षं एक्स-रे, सीटीत गेली, ती मला आवडली. तिसऱ्या वर्षी तळघरात पोस्टिंग लागलं. तिथे खिडकी नाही, मोबाईलला रेंज नाही. बाहेर रखरखीत ऊन असलं तरी खाली सदा एकच वेळ. फिनेल आणि कोमट प्लास्टिकचा वास, आणि भिंतीच्या आत कुठेतरी एसीची अखंड घरघर.

चार मास्क कापून झाले. पाचवा हातात घेतला आणि त्यावरची पट्टी वाचली. भगवंतराव.

भगवंतराव चामराजपेटेतले शिंपी. वय सत्तरच्या पुढे, घशाचा कॅन्सर. मी बसवलेला पहिला मास्क त्यांचा. मराठी बोलणारी पोरगी भेटली म्हणून खूश झाले, पण मास्क बसवल्याबरोबर त्यांचं अंग थरथरायला लागलं. काढल्यावर म्हणाले, "बाळा, हे तोंडावर बसलं की वाटतं, मला जिवंत पुरलं."

रेडिएशन चालू असताना त्या खोलीत पेशंटशिवाय कुणालाही थांबता येत नाही. जाड दार बंद होतं, आणि आम्ही बाहेर कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत बसतो. मी त्यांना म्हटलं, "आजोबा, मी पडद्यावर सारखी तुमच्याकडेच बघत असेन. घाबरलात तर उजवा हात वर करा. मशीन बंद करून धावत येते."

"नक्की बघशील?"

"डोळा हलवणार नाही."

तरुणपणी कात्री लागून त्यांच्या उजव्या तर्जनीची शीर तुटली होती. ते बोट वाकत नसे. त्यामुळे हात वर केला की बाकीची बोटं अर्धवट मिटलेली आणि तर्जनी सरळ, जणू छताकडे काहीतरी दाखवतायत. एकोणीस दिवसांत त्यांनी चारदा हात वर केला. चारही वेळा मी बटण दाबून आत धावले. दुसऱ्यांदा तर काहीच झालं नव्हतं. मास्कमधून डोळे मिचकावत म्हणाले, "बघतेस का, ते बघितलं."

आमच्या सीनियर टेक्नॉलॉजिस्ट शिवलीला अक्का त्या दिवशी चिडल्या. त्या बेळगावकडच्या, मराठीही कन्नडच्या ठेक्यात बोलायच्या. "मशीन म्हणजे बीएमटीसीची बस आहे काय गं, कुणी हात दाखवला की थांबवायला?" मग थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "थांबवलंस ते बरं केलंस पण."

खरं सांगायचं तर त्या महिन्यात मी शिक्षण सोडायच्या विचारात होते. एक मिलिमीटर चुकला तर कुणाचं काय होईल, या धास्तीने मला झोप येत नसे. भगवंतरावांना मी ते बोलून दाखवलं. ते म्हणाले, "माझा पहिला कोट एका बाहीत आखूड झाला होता. गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला. आता भीती वाटते ना तुला? मग तू नीट शिवशील. न भिणारेच कापड वाया घालवतात."

विसाव्या दिवशी ते आलेच नाहीत. रात्री झोपेतच हृदय बंद पडलं होतं. मी मात्र कॉलेज सोडलं नाही. त्यांचे आभार मानायचे तेवढे राहून गेले.

म्हणून त्या दुपारी त्यांचा मास्क दोन्ही हातांत धरून मी हळूच म्हटलं, "आजोबा, तुमच्यामुळे राहिले मी."

बोटं आतल्या बाजूला लागली. मास्क आतून ओलसर होता... कोमट ओलसर. आपण काचेवर श्वास सोडतो तेव्हा होते, तशी ओल. महिनाभर खुंटीला लटकत असलेला मास्क. एसीचं पाणी गळलं असेल, असं मनाशी म्हणत मी तो कापला. इतक्यात अक्कांची हाक आली.

मुग्धा आली होती. अठ्ठावीस वर्षांची, मूळ पुण्याची, व्हाइटफील्डला एका कंपनीत. नाकाच्या मागच्या भागात गाठ. तिचे खांदे खाली ओढलेले राहावेत म्हणून दोन्ही मनगटं पट्ट्यांनी टेबलाला बांधावी लागत. काही झालं तर दाबायला मुठीत एक रबरी घंटी दिलेली असे.

"आज जरा मळमळतंय," ती म्हणाली. "पण इट्स ओके."

"स्वल्प थांबू या काय?" अक्कांनी विचारलं.

"नको अक्का, संपवून टाकू. ऑफिसला मीटिंग आहे."

मास्क बसवला, पट्ट्या आवळल्या, घंटी दिली. बाहेर आलो. दार सरकत सरकत बंद झालं, वरचा लाल दिवा लागला. अक्का आकड्यांच्या पडद्यासमोर बसल्या, मी कॅमेऱ्याच्या. यंत्राचा तो कर्कश एकसुरी आवाज सुरू झाला. पडद्यावर मुग्धा निश्चल पडलेली. पांढरी जाळी, निळी चादर.

पडद्यावर एक बारीक लहर गेली...

आणि हात वर आला.

उजवा हात. चादरीवरून सावकाश उचलला गेला आणि तिथेच थांबला. बोटं अर्धवट मिटलेली. तर्जनी सरळ.

मी पडद्याकडे बोट केलं. "अक्का... हात..."

अक्कांनी वळून पाहिलं. "कुठला हात? बांधलेत की तिचे."

"वर केलाय... अक्का, बघा ना..."

"काही नाही गं तिथं. सरळ झोपलीय ती."

मला दिसत होता. अक्कांना दिसत नव्हता. उगाच मशीन थांबवलं तर प्रॅक्टिकलच्या तोंडावर माझ्या नावावर शेरा जाणार, हेही डोक्यात चमकून गेलं. तरी मी बटण दाबलं.

आवाज थांबला. दार पुरतं उघडायच्या आत मी फटीतून आत शिरले. पहिली दिसली ती घंटी. जमिनीवर पडलेली. मग तो गुरगुरल्यासारखा आवाज ऐकू आला. मुग्धाला मास्कखाली उलटी झाली होती. तोंड दाबलेलं, मान हलवता येत नाही, श्वास अडकलेला. जाळीतून दिसणारे ओठ निळे पडले होते. अक्का माझ्या मागोमाग आल्याच. मास्क ओरबाडून काढला, पट्ट्या सोडल्या, तिला कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं. दोन क्षण काहीच नाही... मग तिने असा श्वास घेतला की तो अजून माझ्या कानात आहे.

डॉक्टर आले, तिला वर नेलं. अर्ध्या तासाने ती बोलायलाही लागली. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"काय पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. बोटासकट. मला वाटलं, हसतील. त्या उठल्या, रिकाम्या टेबलाकडे तोंड करून त्यांनी हात जोडले, बराच वेळ. मग म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. तूही नमस्कार कर. आणि पुढच्या पेशंटला हाक मार, तो बिचारा कधीचा बसलाय."

मी पास झाले. आज त्याच तळघरात नोकरी करते. लोक विचारतात, एवढ्या आजाराच्या जागी तुला भीती नाही वाटत? मला वाटायची ती भीती त्या दिवसानंतर बदलली. रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी मी त्या टेबलाला हात लावून भगवंतरावांचं नाव घेते. कोण कुठला शिंपी, स्वतःला जेमतेम एकोणीस दिवस मिळाले, आणि एका अनोळखी पोरीचा जीव राखून गेला. आपल्या पाठीशी असं कुणी उभं आहे म्हटल्यावर माणसाने तक्रार कशाची करायची?

गेल्या महिन्यात मुग्धा तपासणीला आली. ठणठणीत. केस वाढलेले, हातात पेढ्यांचा डबा. कँटीनमध्ये कॉफी घेताना मी तिला पहिल्यांदाच ही सगळी हकिकत सांगितली. तिचे डोळे भरून आले. "थँक्यू म्हणायचं तर कुणाला म्हणू आता," ती म्हणाली. मग तिने कप खाली ठेवला.

"म्हणजे ते आजोबा होते?"

"कोण?"

"श्वास अडकला तेव्हा वरच्या मशीनच्या काचेत मला माझं प्रतिबिंब दिसत होतं. माझ्या पायाशी कुणीतरी उभं होतं. मला वाटलं, तुमचाच माणूस."

"म्हातारे?"

"नाही हो. तरुण होता. खूप उंच." भगवंतराव तर जेमतेम माझ्या खांद्याला लागायचे. ती आठवत आठवत बोलत होती. "मला वाटलं, मदत करेल. पण त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. माझ्याकडे पाठ करून उभा होता. मान वर करून, एकटक... कॅमेऱ्याकडे. मास्क काढलात तेव्हाही तो तसाच होता." तिने माझ्याकडे पाहिलं. "मला इतके दिवस वाटत होतं, तुम्हाला तो दिसला असेल. तो तर तुमच्याकडेच बघत होता."