चाचणीबाहेरचा माणूस

पाण्याची बाटली भरून ती परतली, तर तिच्या खुर्चीत एक अनोळखी तरुण बसला होता आणि हेल्पलाइनचा फोन त्याच्या कानाला होता.

"नाही आजोबा, औषध कधी येईल ते खरंच सांगता येणार नाही... पण आम्ही शोधतोय," तो हळूच म्हणाला. मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला.

स्नायू हळूहळू दुबळे करणाऱ्या एका आजाराच्या रुग्णांसाठी काम करणारी ही संस्था. रुग्णांना आधार द्यायचा आणि संशोधनाला निधी पुरवायचा. त्याच निधीवर चालणाऱ्या प्रयोगशाळेतला हा संशोधक. बैठकीला आला, खोली चुकला आणि वाजणारा फोन त्याला ऐकवेना.

"दुसऱ्याच्या खुर्चीत बसायची सवय आहे वाटतं?" तिनं विचारलं.

तो धडपडत उठला. "सॉरी... फोन वाजत होता."

"बसा हो. बरं बोलता तुम्ही."

तेव्हापासून तो दर गुरुवारी दुपारी फोन घ्यायला येऊ लागला. दोन फोनांच्या मधल्या शांततेत टेबलावर कलतं ऊन उतरायचं आणि तो सांगत राहायचा — काचेच्या बशीतल्या थकल्याभागल्या पेशी नव्या औषधानं कशा पुन्हा हलू लागल्या... ऐकता ऐकता ती कुठल्या कुठे हरवून जायची.

"गुरुवारीच बरे डूल आठवतात तुला," वहिनी म्हणाली, तेव्हा ती कानापर्यंत लाल झाली.

एक गोष्ट मात्र तिनं त्याला सांगितली नव्हती. तो आजार तिलाही होता. अजून बोटांपुरताच, एखादं झाकण हट्टाला पेटायचं, एवढंच. पण सांगितलं आणि त्याच्या डोळ्यांत कीव दिसली तर... शब्द ओठांवर येऊन परत फिरायचे.

मग औषध माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचलं. संस्थेत सगळ्यांचे डोळे भरून आले. चाचणीसाठी तिचीही निवड झाली.

त्या गुरुवारी तो आला नाही. पुढच्याही गुरुवारी नाही. त्याला कळलं असणार, हे ती समजून चुकली.

आणि एका संध्याकाळी ऑफिस सुटताना तो जिन्यात उभा दिसला.

"तुमचं नाव बघितलं," तो म्हणाला.

"आणि पळालात."

"प्रयोगशाळेच्या सरांकडे खेटे घालत होतो. मला चाचणीतून बाहेर काढा म्हणून."

"इतकी वर्षं खपलात त्यावर... आणि आता?"

"आता पेशी तेवढ्या माझ्याकडे. रुग्णांना दुसरे तपासतील. नियमच आहे... कारण सांगावं लागलं."

"काय सांगितलंत?"

त्याची नजर जिन्याच्या कठड्यावर खिळली. "की निवडलेल्यांपैकी एका व्यक्तीकडे मला तटस्थपणे बघता येत नाही."

खालच्या दारातून वाऱ्याची झुळूक वर आली.

"औषध लागू पडेलच असं नाही," ती म्हणाली. "पुढे हा जिनाही मला जड जाईल."

"ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

"तरी?"

"तरी."

तिनं कठडा सोडला आणि त्याचा दंड धरला. बोटांची पकड सैल होती. त्यानं वरून आपला हात ठेवला.

"हळू चालावं लागेल."

"चालेल."

"आणि हे अहो-जाहो पुरे आता. तू म्हण मला."

"बरं," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं."

ती खळखळून हसली, आणि दोघं एकेक पायरी उतरू लागले.